मदत हवी आहे : गाडी तापली की सेल्फ फिरत नाही, ॲक्सिलेटरची केबल अडकते (किट कार, सहल अर्ध्यावर)

नमस्कार मंडळी,

चार किट कार, आठ माणसं, सहा दिवसांची वाट. आज तिसरा दिवस आणि आम्ही मुक्कामावर अडकून बसलोय. बाकी तिन्ही गाड्यांची दुखणी निस्तरली, माझ्या निळ्या गाडीचं मात्र काही केल्या कळत नाहीये. काल घाट उतरताना पाय काढला तरी रेस खाली येईना. शेजारच्या सीटवर माझी १९ वर्षांची भाची होती. मी क्लच दाबला, ब्रेक लावला, चावी एकच टप्पा मागे घेतली आणि गाडी कडेला आणून थांबवली. कुणाला काही झालं नाही, पण रात्रभर डोळा लागला नाही. कारण सापडल्याशिवाय तिला पुन्हा त्या सीटवर बसवणार नाही.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी: किट कार म्हणजे चासी, बॉडी आणि पेट्या भरून सुटे भाग विकत घ्यायचे, इंजिन-गिअरबॉक्स एखाद्या जुन्या डोनर गाडीतून काढायचं आणि सगळं स्वतः जोडायचं. आमच्या चारही गाड्या लोटस सेव्हनच्या वळणाच्या. कॉलिन चॅपमननं १९५७ साली आणलेली ती गाडी; १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले, आणि त्याच धर्तीची किट बनवणारे पुढे बरेच झाले. लांब नाक, उघडी पुढची चाकं, अंगावर वजन नाही. माझी गाडी मी आणि भावानं तीन वर्षं रविवार-रविवार करून उभी केली. त्यामुळे तिच्यात जे चुकलंय ते आमच्याच हातून चुकलंय, एवढं नक्की.

इतर गाड्यांचं आधी सांगतो, कुणाला त्यातून काही सुचेल.

पांढरी गाडी पहिल्या दिवशी चढावर दम सोडायची. १० मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, पुन्हा १५-२० किलोमीटरवर तेच. फिल्टर उघडला तर त्यात ॲल्युमिनियमचा बारीक चुरा, टाकी बनवताना आत राहिलेला. तो साफ करूनही फरक पडेना. शेवटी गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली. टाकीला श्वास घ्यायला दिलेली नळी डिकीच्या तळाखाली चेपली होती. नळी मोकळी केली, तेव्हापासून त्रास नाही.

हिरवी चालत असताना थंड, उभी राहिली की तापायची. पंखा फिरत होता म्हणून त्याच्यावर संशय कुणाचाच नव्हता. नाकासमोर कागद धरला तर तो रेडिएटरला चिकटायच्या ऐवजी बाहेर उडाला! पंखा उलटा फिरत होता. दोन वायरी बदलल्या, संपलं.

पिवळीच्या मागून ठक-ठक येत होती. जॅकवर घेऊन पाहिलं तर सस्पेन्शनच्या खालच्या दांडीचा बोल्ट बोटांनी फिरत होता. हे बघून आम्ही सगळेच गप्प झालो. सध्या घट्ट केलाय, पण त्याबद्दल खाली विचारलंय.

आता माझी. लक्षणं अशी:

सकाळी थंड असताना सेल्फ एकदा मारला की चालू, फक्त थोडा जड फिरतो. तासभर चालवून थांबलो की नुसतं कट्-कट्, सेल्फ फिरतच नाही. अर्ध्या तासानं कधी फिरतो, कधी नाही. हेडलाइट लावले की तापमानाचा काटा लगेच चढतो, बंद केले की लगेच उतरतो. पाणी एवढ्या झटक्यात तापू किंवा निवू शकत नाही, हे मलाही कळतं. आणि कालपासून ॲक्सिलेटरची केबल आत कुठेतरी धरते. पेडल खालून पायानं उचललं की सुटते. ही केबल घरून निघताना लोण्यासारखी चालत होती.

बॅटरी दोन महिन्यांपूर्वीची. सेल्फ डोनर गाडीचाच, जोडणीच्या वेळी उघडून साफ केलेला. इंजिन कार्ब्युरेटरचं.

पहिला प्रश्न, ही तीन वेगळी दुखणी आहेत की एकच? दुसरा, इथे बसून, थोड्या हत्यारांत काय तपासता येईल? आमच्याकडे पान्यांचा संच, मल्टिमीटर, जंपर केबल आणि टॉर्क रेंच आहे. तिसरा पिवळीबद्दल: तोच नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सैल न होणारा) पुन्हा आवळला तर चालेल का? अजून साधारण ४०० किलोमीटर बाकी आहेत आणि त्यात एक मोठा घाट आहे.

प्रतिसाद १

कार्ब्युरेटर आणि गरम असतानाच त्रास म्हटल्यावर आधी पेट्रोलची वाफ आठवते. नळी सायलेन्सरजवळून गेली असेल तर पेट्रोल नळीतच उकळतं. पण त्यात सेल्फ फिरतो आणि इंजिन लागत नाही. तुमचा तर सेल्फच फिरत नाहीये. दुसरी शक्यता, एक्झॉस्टचे पाइप सेल्फला खेटून आहेत का? सेव्हनच्या अरुंद नाकात बऱ्याचदा असतात. सेल्फ भाजून निघाला की असाच मरतो. मध्ये पत्र्याचं कवच घालून बघा. आणि एक सांगा, गरम असताना धक्का मारून चालू होते का?

धागाकर्ता

धक्का मारला की पहिल्या फटक्यात लागते. दोन्ही वेळा. एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला आहे, सेल्फपासून लांब. बॅटरी आत्ता मोजली, १२.६ व्होल्ट.

प्रतिसाद २

धक्क्यावर लगेच लागते म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही ठीक. बॅटरीही ठीक दिसते. कृपा करून सेल्फ खोलायला बसू नका, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी होईल. माझ्या मते तिन्ही दुखणी एकच आहेत: इंजिनाचं अर्थिंग.

असं बघा. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीनं तुटलेलं. सेल्फ इंजिनावर बसतो. बॅटरीच्या प्लसकडून जाड केबलीनं शेकडो अँपिअर करंट सेल्फपर्यंत येतो, तो परत मायनसला जाणार कुठून? इंजिन आणि चासी यांच्यामधल्या अर्थिंगच्या वेणीतून, म्हणजे विणलेल्या तारांच्या पट्टीतून. ती वेणी सैल असली, किंवा चासीच्या पावडर कोटिंगवर (भाजून बसवलेला जाड रंग, त्यातून वीज जात नाही) नुसती आवळलेली असली, तर तिची वाट जवळजवळ बंद. मग करंट इंजिन आणि चासी यांना जोडणारं जे काही धातूचं सापडेल ते धरतो. तुमच्या गाडीत असं काय आहे? ॲक्सिलेटरची केबल!

ती बारीक तार एवढा करंट पेलू शकत नाही. तापते, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळतं, आणि थंड झालं की तारेला धरून ठेवतं. केबल अडकण्याचं कारण हेच असावं. जितक्या वेळा तुम्ही कट्-कट् करत सेल्फ मारत राहिलात, तितकी ती भाजत गेली.

तापमानाच्या काट्याचंही त्यातच बसतं. सेन्सर इंजिनावर, म्हणजे त्याचं अर्थिंग इंजिनाचं. मीटर डॅशबोर्डवर, त्याचं अर्थिंग चासीचं. आल्टरनेटरही इंजिनावरच. दिवे लावले की आल्टरनेटरचा जास्त करंट त्याच खराब वाटेनं इंजिनाकडे परततो, दोन अर्थिंगांमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि मीटर तो फरक तापमान म्हणून दाखवतं. पाणी आहे तेवढंच गरम असतं.

तपासणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. कॉइलची वायर काढा म्हणजे इंजिन लागणार नाही. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नाही, खुद्द खांबावर), दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. कुणाला तरी २-३ सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. दोन-तीन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. पण त्याआधी ॲक्सिलेटरची केबल कार्ब्युरेटरकडून सोडून बाजूला घ्या, उगाच आणखी भाजायला नको.

मग जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाला लावा आणि पुन्हा सेल्फ मारा.

प्रतिसाद ३

वरच्याशी सहमत. फक्त दोन गोष्टी.

अर्थिंग नीट केलं म्हणून जुनी केबल बरी होणार नाही. तेल सोडून, मागेपुढे करून ती मोकळी वाटेल, पण त्यावर घाट उतरू नका. नवीन केबल घाला, आणि कार्ब्युरेटरवर परतीची दुसरी स्प्रिंग लावा. एक तुटली तरी दुसरी रेस खाली आणेल. बाकी तुम्ही काल जे केलंत ते अगदी बरोबर होतं, चावी एकच टप्पा मागे. पूर्ण मागे नेली असती तर स्टिअरिंग लॉक व्हायची भीती होती.

पिवळीबद्दल. नायलॉक पुन्हा वापरू नका. नायलॉनची पकड पहिल्या वेळी असते तशी नंतर राहत नाही, आणि नट म्हणजे फार खर्चाची गोष्टही नाही. पण खरा दोष नटाचा नसावा. वायसरखाली पावडर कोटिंगचा जाड थर आहे का बघा. बोल्ट आवळताना तो थर घट्ट वाटतो, नंतर दाबानं चेपत जातो आणि बोल्टचा ताण निघून जातो. जिथे धातूला धातू टेकायला हवा तेवढ्यापुरतं कोटिंग खरवडून काढा, वर गंज लागू नये म्हणून थोडं ग्रीस. आणि दांडीला रबरी बुश असतील तर शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी करून, माणसं बसवून करा. जॅकवर लटकत असताना आवळलं तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

हे चारही गाड्यांना लागू आहे. सगळ्या बोल्टवर नट आणि ब्रॅकेट धरून रंगाची एक रेघ मारून ठेवा. सकाळी नुसतं वाकून बघितलं तरी कोण सरकलंय ते दिसतं.

धागाकर्ता

मंडळी, सापडलं.

आकडा आला ३.८ व्होल्ट. मी दोनदा मोजला, मग भावाला मोजायला लावला. जंपर केबल इंजिनाला लावली आणि सेल्फ असा फिरला की आम्हाला वाटलं दुसऱ्याच गाडीचा आहे. तीन वर्षांत तो असा फिरताना कधी पाहिलाच नव्हता! म्हणजे पहिल्या दिवसापासून अर्थिंग कच्चं होतं आणि "थोडा जड फिरतो" हे आम्ही नेहमीचंच धरून चाललो होतो. याची मला फार हळहळ वाटली.

वेणी होती. चासीच्या ज्या कानाला (बोल्टसाठीच्या भोकाच्या पट्टीला) आम्ही ती लावली होती तो पावडर कोट केलेला. कोटिंग काढायचं राहून गेलं होतं. इतके दिवस बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम संपर्क होत असणार, प्रवासाच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल झाला आणि तोही गेला. पॉलिश पेपरनं कान चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन बोल्ट, दातेरी वायसर, वरून ग्रीस. शिवाय जाड केबलचा एक तुकडा बॅटरीच्या मायनसपासून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला नेला. आता आकडा ०.२ च्या आसपास येतो. हेडलाइट लावले, काटा हलला नाही.

ॲक्सिलेटरची केबल बाहेर काढून उभी चिरली. मधल्या भागात अस्तर वितळून तारेवर घट्ट बसलंय, सुमारे १० सेंटिमीटर. भाचीनं तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "मामा, बाकीच्या तिन्ही गाड्यांचं अर्थिंगही आजच मोजू या." मोजलं. पांढरी आणि हिरवी ठीक. पिवळीचा आकडा १.१ आला, कारण तेच, कानावर कोटिंग. तिचा सेल्फ अजून कुरकुरला नव्हता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तीही घासून घेतली, आणि तिच्या मागच्या बोल्टना नवीन नट घातले, कोटिंग काढून, चाकांवर उभी करून.

एक शंका उरलीय. नवीन केबल उद्या दुपारी मिळेल, पण ती माझ्या जुन्या केबलपेक्षा साधारण ८ सेंटिमीटर लांब आहे. वळसा देऊन बसवली तर चालेल का?

प्रतिसाद २

चालेल, पण वळसा मोठा आणि सैल ठेवा, एक्झॉस्टपासून दूर. बारीक वाकण आलं की तिथे ती धरणार. आणि बसवल्यावर इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून प्रत्येक वेळी पेडल दाबून सोडा. मग चालू करून क्लच दाबून-सोडून बघा, इंजिन फाउंडेशनवर हलतं तेव्हा केबल ओढली जाऊन रेस वाढत नाही ना. पेडलला मागे लागणारा थांबा आहे का? नसेल तर करून घ्या, नाहीतर जोरात दाबलेला पाय सगळा ताण केबलवर टाकतो.

धागाकर्ता

थांबा नाही. आज संध्याकाळी पेडलच्या मागे बोल्ट आणि चेकनट लावून करतो. परतीची दुसरी स्प्रिंग मिळाली आहे. उद्या केबल बसवल्यावर आधी मी एकटा २० किलोमीटर सपाट रस्त्यावर चालवून येणार, परत येऊन बोल्टवरच्या रेघा बघणार, आणि मगच चारही गाड्या निघतील. घाट परवा सकाळच्या उजेडात.