सासूबाईंसाठी वाचलेली पुस्तकं यूट्यूबवर टाकली तर चालतील का?

वाशिष्ठीकाठ
काचबिंदूमुळे सासूबाईंचं वाचन दोन वर्षांपूर्वी पार बंद झालं. वाण्याकडच्या पुड्याचा कागदही सरळ करून वाचणारी बाई! म्हणून दुपारची भांडी आवरली की मी मोबाईल उशीवर ठेवते आणि मोठ्यानं वाचते. शंभरेक रेकॉर्डिंग झालीत. काहींत कुकरच्या शिट्ट्या आहेत, एकात मीच मध्ये ओरडलेय, "अगं दूध बघ, दूध!"

सासूबाई आणि त्यांच्यासारखीच नजर गेलेल्या आणखी सहा जणी, असा व्हॉट्सॲप ग्रुप केलाय, तिथे टाकते. आता भाचा म्हणतो, यूट्यूबवर टाक. पैसे घेऊ नकोस, खाली 'सर्व हक्क मूळ लेखकाचे' लिही, झालं काम. पुस्तकांत पु. ल. आहेत, साने गुरुजी, बहिणाबाई, आणि सासूबाईंचे लाडके बंगाली कादंबरीकार शरदबाबू (शरच्चंद्र चट्टोपाध्याय), मामा वरेरकरांच्या मराठी अनुवादातले. सगळी पुस्तकं विकत घेतलेली आहेत. जाणकारांनी सांगावं.

खिळे_जुळवणारा
आयुष्य छापखान्यात गेलं, म्हणून लिहितो. भाच्याची ती ओळ म्हणजे शेजाऱ्याच्या परसातले आंबे उतरवायचे आणि टोपलीवर त्याचं नाव लिहायचं. नाव द्यायलाच हवं, पण त्यानं परवानगी मिळत नाही. फुकट वाटलेत म्हणूनही सुटका नाही. विकत घेतलीत ती प्रत तुमची. कुणाला द्या, रद्दीत घाला. मजकूर आवाजात उतरवून लोकांपुढे ठेवायचा हक्क मात्र लेखकाकडे किंवा त्याच्या वारसांकडे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हा हक्क लेखकाच्या हयातभर, आणि तो गेला ते वर्ष संपल्यावर पुढे ६० वर्षं. आधी ५० होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, १९९१ अखेर त्यांचं साहित्य मोकळं होणार, तर अगदी वर्ष संपता संपता मुदत वाढवली. साने गुरुजी १९५० चे, म्हणजे २०११ पासून मोकळे. पु. ल. गेले २००० साली. २०६० संपेपर्यंत कळ काढा.

माजघर
बहिणाबाईंचा हिशेब जरा वाकडा आहे. त्या १९५१ साली गेल्या, कवितांचं पुस्तक आलं १९५२ साली. कवी गेल्यावर पहिल्यांदा छापलं गेलेलं साहित्य असेल, तर ६० वर्षं छापल्यापासून मोजतात. तरी २०१२ अखेर संपलीच, बिनधास्त वाचा. फक्त वाचा हं, सिनेमातल्या चालीवर गाऊ नका. चाल संगीतकाराची, तिची मुदत वेगळी.

शरदबाबू १९३८ सालीच गेले, पण तुम्ही वाचताय ते मराठी मामांचं, आणि अनुवादाचा हक्क स्वतंत्र असतो. मामा १९६४ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून तेही मोकळं. आणि वाशिष्ठीकाठ म्हणजे चिपळूणच ना? मामा तुमच्या चिपळूणचेच की!

रिकामटेकडा
कशाला एवढा कीस काढताय? यूट्यूबवर असलं पोत्यानं पडलंय. कोण बघतंय?

माजघर
बघणारे बघतात. ९० दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटच्या तक्रारीवरून यूट्यूबच्या ताकिदी, आल्या की अख्खं चॅनेल जातं, त्यात शरदबाबूही जातील.

वाशिष्ठीकाठ
बाप रे. मग ग्रुपवरचं पु. लं.चंही काढू का? सासूबाई रोज रात्री तेच लावतात.

खिळे_जुळवणारा
छे, मुळीच काढू नका! २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ५२ मध्ये नेमकी हीच सोय केलीय. अपंग व्यक्तीला पुस्तक वाचता येत नसेल, तर तिला वापरता येईल अशा रूपात ते कुणीही आणू शकतं आणि तशाच व्यक्तींना स्वतःच्या वापरासाठी देऊ शकतं. मुदत संपलेली नसली तरी. अंधांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या माराकेश करारावरही सगळ्यांत आधी, २०१४ साली, आपल्याच देशानं शिक्कामोर्तब केलं.

पण ही सवलत त्या सात जणींपुरती. यूट्यूबवर टाकलंत की डोळस माणूसही फुकटात ऐकणार, तिथे ती लागू नाही. म्हणून मुदत संपलेलं यूट्यूबवर, बाकीचं ग्रुपवर. आणि भाचा ग्रुपमध्ये असेल तर त्याला आधी बाहेर काढा.

वाशिष्ठीकाठ
होता. काढला. रुसलाय.
यूट्यूबवर शरदबाबूंपासून सुरुवात करते. पु. लं.साठी रीतसर परवानगी मागायची तर पत्र कुणाला, प्रकाशकाला की वारसांना?

खिळे_जुळवणारा
पुस्तकाच्या शीर्षकपानाची मागची बाजू बघा. © या खुणेपुढे ज्याचं नाव असेल, त्याला. कुठलं पुस्तक, किती भाग, कुठे टाकणार, पैसे घेणार की नाही, सगळं लिहा. होकार आला तर लेखी घ्या, फोनवरच्या 'हो'वर जाऊ नका.

वाशिष्ठीकाठ
आत्ताच कपाटातून काढलं. २०२१ च्या पुरात भिजलेली प्रत, नेमकं तेच पान पुढच्या पानाला चिकटून बसलंय. उद्या वाचनालयातली बघून येते.