बडोद्याला धाकट्या भावाकडे शनिवार-रविवार: आईला घेऊन काय जमेल, काय गाळावं?

डोंबिवलीची_ताई
भाऊ नोकरीसाठी बडोद्यात, गोत्रीला राहतो. वन बीएचके, रूममेट त्या शनिवार-रविवारी गावी जातोय. मी आणि आई शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परत फिरणार. आई सपाटीवर चालते, पायऱ्या आल्या की गुडघे धरून बसते. आणि आमच्या बंधुराजांनी पाठवलेली यादी बघा: स्टॅच्यू ऑफ युनिटी, पावागड, राजवाडा, म्युझियम, कीर्ती मंदिर. दोन दिवसांत! आईला मात्र त्याचं स्वयंपाकघर बघायचंय. सोबत जवळ्याची चटणी आणि कोलंबीचं लोणचं न्यायचं घाटतंय. कुठली गाडी घेऊ, यादीतलं काय उडवू?

रूळावर_बसलेला
डोंबिवलीहून मुंबई सेंट्रलला जायचा व्याप कशाला? दादरहून रात्री उशिरा एकतानगर एक्स्प्रेस सुटते, पहाटे बडोदा. परतीलाही तीच रात्रीची सोयीची. आईसाठी लोअर बर्थ मागा. रविवार रात्रीच्या सगळ्याच गाड्या लवकर भरतात, त्यामुळे आधी परतीचं काढा, मग जातानाचं. सकाळची वंदे भारत पटकन पोचवते, पण तिने गेलात तर तुमचा अर्धा शनिवार गाडीतच.

दांडियाबाजारकर
माहेर बडोद्याचं, म्हणून हक्काने सांगते. गोत्रीला जायचंय तर स्टेशनातून अलकापुरीच्या बाजूला बाहेर पडा. भाऊ सयाजीगंजच्या बाजूला रिक्षा घेऊन उभा राहिला तर उगीच रुळांखालच्या गरनाळ्यातून वळसा. पावसाळ्यात त्या गरनाळ्यात पाणी भरलं की बघायलाच नको.

यादीतलं स्टॅच्यू आणि पावागड सरळ काढून टाका. स्टॅच्यू आहे ते एकतानगर बडोद्याहून साधारण ९० किलोमीटर, अख्खा दिवस तिकडेच जातो. पावागडला रोपवे आहे म्हणून लोक आयांना नेतात, पण रोपवेतून उतरल्यावरही देवळापर्यंत भरपूर पायऱ्या आहेत. तुमची आई वर पोचेल आणि मग दोन दिवस भावावर चिडून असेल.

लक्ष्मी विलास राजवाडा मात्र चुकवू नका. सयाजीराव तिसऱ्यांच्या काळात, १८९० मध्ये पूर्ण झालेला. दरबार हॉलची मोझॅकची फरशी आणि रंगीत काचा आईला आवडतीलच. ऑडिओ गाईड कानाला लावून सावकाश फिरायचं. सोमवारी बंद असतो, तुम्हाला त्याची अडचण नाही. आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. आपल्या आजीच्या देवघरात ज्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वती होत्या, तोच हा माणूस. इथे मूळ कॅनव्हाससमोर उभं राहिलं की साडीच्या जरीपाशीच दहा मिनिटं जातात.

किल्ले_आणि_कट्टे
पावागड नको हे मान्य, पण पायथ्याचं चांपानेर का सोडायचं? महमूद बेगड्याची राजधानी, २००४ पासून जागतिक वारसा. जामी मशिदीतलं दगडी कोरीव काम बघायला डोंगर चढावा लागत नाही. शहरापासून ५० किलोमीटरच्या आसपास, गाडी केली तर दुपारपर्यंत परत.

दांडियाबाजारकर
@किल्ले_आणि_कट्टे, जागा सुरेखच आहे हो. पण ती माउली लेकाच्या घरी चाललीय. एका अख्ख्या सकाळी तिला त्याचे डबे घासू द्या की! भाऊ पुढच्या वेळी ताईला एकटीला नेईल चांपानेरला.

खाईन_तर_तुपाशी
जवळ्याबद्दल कोणीच बोलेना! ताई, आधी भावाला विचारा घरमालकाला नॉनव्हेज चालतं का. बडोद्यात बऱ्याच सोसायट्यांत चालत नाही, आणि जवळा तव्यावर पडला की खालच्या वॉचमनलाही कळतो. लोणचं घट्ट झाकणाच्या बरणीत न्या, ते गरम करावं लागत नाही, त्यामुळे बोभाटा होत नाही. आणि भाऊ "ताई, येताना एक बाटली आण" म्हणाला तर साफ नाही म्हणायचं. गुजरातेत दारूबंदी आहे, परमिटशिवाय भानगडीत पडू नका.

खायचं म्हणाल तर सकाळी सेव उसळ. आपल्या मिसळीच्या अपेक्षेने जाऊ नका. वाटाण्याची उसळ, वर शेव, पाव आणि तिखट तर्री वेगळी, आपल्याला झेपेल तेवढी घालून घ्यायची. आईला आधी कोरडीच द्या. परतीच्या पिशवीत लिलो चिवडो हवाच, बटाट्याचा, ओलसर, आंबटगोड. भाकरवडी तिथलीही प्रसिद्ध आहे. पुण्याचे लोक हा धागा वाचत असतील, म्हणून पुढे काही लिहीत नाही.

सदाशिव_पेठी
वाचतोय. शेजारच्या राज्यात बाकी काय चांगलं मिळतं ते लिहा.

डोंबिवलीची_ताई
😄 जवळा रद्द, लोणचं पक्कं. शनिवारी सकाळी घर, संध्याकाळी सयाजीबाग, रविवारी राजवाडा, असं ठरवतेय. बागेतलं म्युझियम आईला झेपेल का? आणि कीर्ती मंदिर?

दांडियाबाजारकर
म्युझियम मोठं आहे, १८९४ ची इमारत. सगळं बघायचा हट्ट नको. इजिप्तची ममी आणि देवमाशाचा सांगाडा बघा नि बाहेर बाकावर बसा. मात्र ते संध्याकाळपर्यंत उघडं राहत नाही, म्हणून दुपारी घरी जेवून लगेच बागेकडे निघा. कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत, बघायला फार वेळ लागत नाही. तिथून पुलावर थांबून विश्वामित्री नदीत मगर दिसते का बघा, खरंच असतात. भावाला सांगा रिक्षा थांबवून ठेव, आईला पुन्हा रस्ता ओलांडायला लावू नकोस.