सोलो टेकऑफला भावाचं विमान रनवेबाहेर गेलं, अनुभवी पायलटांचा सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना) करतोय. गेल्या आठवड्यात सेस्ना १७२ हे छोटं विमान घेऊन एकटाच सर्किटला (रनवेभोवती फेरी मारून परत उतरायच्या सरावाला) निघाला होता. नाक उचलायच्या सुमारास विमान डावीकडे ओढलं गेलं आणि रनवे सोडून गवतात शिरलं. पुढचं चाक मोडलं, प्रोपेलर वाकला. खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला, बाकी तो सुखरूप आहे. (चौकशी चालू असल्याने संस्थेचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.)

मी या क्षेत्रातली नाही, त्याच्याकडूनच समजून घेतलं. पायलटच्या जागेवरून बघितलं तर प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पूर्ण पॉवर आणि कमी वेग असला की नाक डावीकडे जायला बघतं, म्हणून उजवा रडर (शेपटीवरची दिशा वळवणारी पट्टी फिरवणारं पायातलं पेडल) दाबून धरायचा. पुढचं चाक उचललं की दिशा सांभाळायला त्याचाही आधार उरत नाही. त्यात त्या दिवशी वारा डावीकडून होता, आणि अशा वाऱ्यात विमान आपणहून वाऱ्याकडे तोंड करतं. म्हणजे सगळा ओढा एकाच बाजूला. शिवाय शेजारी शिकवणारे सर नसल्याने विमान हलकं, नेहमीपेक्षा लवकर उचललं जाणारं.

हे सगळं त्याला तोंडपाठ आहे, आणि तेच त्याला खातंय. "माहीत होतं गं ताई, पायच हलला नाही," एवढंच म्हणतो. जेवण कमी झालंय, रात्रभर जागा असतो. आई म्हणते सोडून दे, बाबा म्हणतात उद्याच परत उडव. मला दोन्ही पटत नाही.

आता त्याला लेखी निवेदन द्यायचंय आणि तो 'सर्व चूक माझी' असं लिहायला निघालाय. अपघात तपासाच्या २०१७ च्या नियमांत उद्देश स्पष्ट दिलाय: पुढचे अपघात टाळणं, दोष ठरवणं नाही. मग त्याने फक्त काय दिसलं, काय केलं, वेग आणि वारा किती होता एवढंच क्रमाने लिहावं, निष्कर्ष तपास करणाऱ्यांवर सोडावा, असं मला वाटतं. हे बरोबर आहे का?

दुसरं, तुमच्यापैकी कोणी अशा प्रसंगातून गेलं असेल तर परत कसे उडायला लागलात? सरांसोबत फक्त क्रॉसविंड (बाजूच्या वाऱ्यातल्या) टेकऑफचा सराव मागून घ्यावा का? आणि पुढे एअरलाइनच्या मुलाखतीत हे विचारतात का?

निवेदन परवा द्यायचंय, तेव्हा त्याबद्दल कोणी आधी लिहिलंत तर फार मदत होईल.