मदत हवी आहे: अलाइनमेंटमध्ये (पटलांच्या नेमक्या जागा कणांच्या मार्गांवरून शोधताना) नेमकं काय पक्कं धरायचं?

नमस्कार मंडळी. कणांचे मार्ग टिपायला सिलिकॉन पिक्सेलची सहा पटलं एकामागे एक लावलेला टेलिस्कोप आहे, पिक्सेल ५० मायक्रॉनचे. चुंबकीय क्षेत्र नाही, म्हणजे ट्रॅक (कणाचा मार्ग) सरळ रेषा. पहिलं पटल पूर्ण पक्कं धरलंय, शेवटच्याचे फक्त एक्स आणि वाय. बाकी सगळं मिलिपीडवर (अलाइनमेंटचा फिट करणारा प्रोग्राम) सोडलंय.

रेसिड्युअल (मोजलेला बिंदू आणि फिट केलेला ट्रॅक यांतलं अंतर) देखणे येतात! तपासायचं पटल फिटमधून वगळलं तरी रुंदी १७ मायक्रॉन, मध्य शून्यावर. पण त्याच मांडणीचे दोन रन (मोजणीच्या फेऱ्या) वेगवेगळे जुळवले की मधल्या पटलांचा झेड (कणांच्या झोताच्या दिशेतली जागा) दीड-दोन मिलिमीटरने सरकतो आणि झेडभोवतीचं वळण पटलागणिक वाढत जातं, पीळ दिलेल्या दोरीसारखं. स्टँडला तर कुणी हातही लावला नव्हता.

माझा संशय बीमवर, म्हणजे कणांच्या झोतावर आहे. सगळे ट्रॅक जवळपास समांतर, त्यामुळे झेड हलला तरी रेसिड्युअलला कळतच नाही. मग झेड स्टीलच्या पट्टीने मोजून गोठवू, की तिरपे कॉस्मिक म्युऑन (आकाशातून आपोआप येणारे कण) मिसळू? म्युऑन फार थोडे मिळतात, रात्रभराचे काही शेच. त्यांना फिटमध्ये जास्त वजन देणं बरोबर आहे का? आणि शेवटच्या पटलाचं वळणही बांधून टाकलं तर खरी चूक नुसती झाकली जाईल ना? कुणी हे निस्तरलंय का?