मदत हवी आहे : नोकरी सांभाळून पदव्युत्तर पदवी घ्यावी का?

नमस्कार. मी डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करतो. नोकरी न सोडता संख्याशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घ्यावी का, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. वरिष्ठ पदांच्या जाहिरातींत ‘पदव्युत्तर पदवी असल्यास प्राधान्य’ ही ओळ हमखास असते; मुलाखतीत मात्र सगळा भर आधी केलेल्या कामावर असतो, त्यामुळे त्या ओळीला किती वजन द्यावे हेच उमगत नाही.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांच्या मांडणीनुसार शिक्षणाने माणसाची उत्पादकता वाढते आणि म्हणून पगारही वाढतो. याउलट, उमेदवाराची कुवत नोकरी देणाऱ्याला बाहेरून दिसत नसल्याने, पदवीने ती वाढली नाही तरी पदवी तिची खूण म्हणून उपयोगी पडते, असे मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये दाखवले. अनुभव वाढत जातो तशी ही खूण फिकी पडत असावी, असा माझा अंदाज आहे. (प्राध्यापकीसारख्या, जिथे पदवी ही अटच असते त्या क्षेत्रांचा प्रश्न अर्थातच वेगळा.)

ज्यांनी नोकरी करता करता अशी पदवी घेतली, त्यांना बढती त्याच ठिकाणी मिळाली की त्यासाठी नोकरी बदलावी लागली? प्रबंध लिहावा लागणारा अभ्यासक्रम पुढे अधिक उपयोगी पडतो का? शिवाय कंपनीने शुल्क भरल्यास ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा जो करार करावा लागतो, तो प्रत्यक्षात कितपत जाचक ठरतो, हेही कृपया कळवावे.