पूंछ टिकलं, मग स्कार्दू का पडलं?

नकाशावेडा:
मंडळी, सध्या १९४७-४८ च्या काश्मीर युद्धावर जे मिळेल ते वाचतोय. पूंछला भारतीय फौजेचे ब्रिगेडियर प्रीतम सिंग वर्षभर पाकिस्तानी बाजूच्या वेढ्यात होते पण हटले नाहीत. तिकडे स्कार्दूला लेफ्टनंट कर्नल शेर जंग थापांनी पण शरण यायला साफ नकार दिला आणि फेब्रुवारी ते ऑगस्ट १९४८ किल्ला लढवला. मग एक सुटलं आणि दुसरं पडलं असं का? थापा कुठे कमी पडले का?

ढगातला:
विमानं. संपलं उत्तर :)
पूंछमध्ये सैनिकांबरोबर जवळपास ४० हजार निर्वासित अडकले होते, त्याच लोकांनी हातात फावडी घेऊन धावपट्टी तयार केली आणि डिसेंबर ४७ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंगांनी तिच्यावर डकोटा हे मालवाहू विमान उतरवलं. पुढे तर रात्री तेलाच्या दिव्यांच्या उजेडात उतरायचे, वरच्या डोंगरावरून गोळे पडतायत आणि हे तोफा उतरवतायत! येताना पीठ-दारूगोळा आणि जाताना जखमी, निर्वासित. अशी रसद चालू असेल तर माणूस वर्षभर 'नाही' म्हणू शकतो. नोव्हेंबर ४८ मध्ये राजौरीकडून आपली फौज येऊन मिळाली आणि वेढा सुटला.

रानवारा:
+१, आणि स्कार्दूला हे काहीच नव्हतं हो. चहूबाजूंनी उंच डोंगर, विमान उतरवायची सोय नाही, श्रीनगरहून पायी निघालेली कुमक वाटेतच दबा धरून बसलेल्यांनी उधळली. शेवटी फायटर विमानांतून थोडंफार सामान टाकून बघितलं पण तेवढ्याने काय होणार. १४ ऑगस्टला दाणागोटा आणि गोळ्या दोन्ही संपल्यावरच थापांनी शस्त्र खाली ठेवलं. त्यांना कमी पडले म्हणणं मला तरी पटत नाही, कारण स्कार्दूवरून पुढे लेहकडे वाट जाते, ते सहा महिने अडून बसले नसते तर लेहचं काय झालं असतं? लेहला पहिलं विमान उतरलं २४ मे ला, ते पण मेहर सिंगांचंच, सोबत जनरल थिमय्या.

जुनी_पलटण:
याच्या आधीचं उदाहरण आपल्याच लोकांचं आहे. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतला ब्रिटिश हिंदी फौजेची जी सहावी डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली तिचं नावच पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या १०३, ११० आणि ११७. तिथेही विमानातून पिठाची पोती टाकली पण तेव्हाच्या विमानांत मावणार किती? बऱ्याच हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस धर्मामुळे खायला नकार दिला, माणसं वाळून गेली. जुलनार नावाची बोट २७० टन सामान घेऊन नदीतून निघाली ती तुर्कांच्या हाती लागली आणि लगेच, २९ एप्रिल १९१६ ला, तिथला सेनापती टाऊनशेंडने शरणागती दिली. पुढे कैदेत शिपायांचे जे हाल झाले ते वाचवत नाहीत.

नकाशावेडा:
बाप रे, कुतचं हे माहीतच नव्हतं. आणि थापांचं पुढे काय झालं?

रानवारा:
ते कैदेतून परत आले, महावीर चक्र मिळालं, ब्रिगेडियर होऊन रिटायर झाले. त्यांच्या बऱ्याच जवानांना मात्र शरण आल्यावर मारून टाकलं. आता 'नाही' का म्हणत होते ते कळलं ना?