२०२४ मधला तुमचा एक इंडी अल्बम: कुठे ऐकलात, कसा ऐकलात?

वर्षाखेरीच्या टॉप ५०, टॉप १०० याद्या वाचून झाल्या असतील सगळ्यांच्या. मला तुमच्याकडून एकच अल्बम हवाय, फार तर दोन, २०२४ मध्ये आलेला, इंडी म्हणजे स्वतंत्र कलाकारांचं म्हणा ऑल्टरनेटिव्ह म्हणा, लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी छोटी की मोठी ह्यावर वाद नको, फक्त तो कुठे ऐकलात, कोणासोबत ऐकलात आणि का राहिला ते मोकळेपणाने लिहा. लांबलं तरी चालेल. सुरुवात मीच करते.

माझा अल्बम बेथ गिबन्सचा लाइव्ह्ज आउटग्रोन. पोर्टिसहेड ह्या बँडचा आवाज म्हणून ती आमच्या वयाच्या लोकांना नव्वदच्या दशकापासून माहीत आहे, पण स्वतःच्या एकटीच्या नावावर पहिला स्टुडिओ अल्बम आला तो १७ मे २०२४ ला, वयाच्या ५९व्या वर्षी, आणि त्यावर दहा वर्षं काम चाललं होतं. विषय काय तर माणसं जाणं, शरीर बदलणं, मेनोपॉज. मी सध्या त्यातूनच चाललेय. रात्री दोनला घामाने जाग येते, पंखा पाचवर असतो, नवरा बिचारा चादर ओढून झोपलेला, मग मी हॉलमध्ये येऊन हेडफोन लावते आणि हा अल्बम लावते. ह्या विषयावर आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही, आईने तर नाहीच, आणि इथे एक बाई त्यावर गातेय आणि तिला कुठेही लाज नाही की दया नकोय. वाजवणंही ऐकण्यासारखं आहे. टॉक टॉक बँडचा ली हॅरिस ड्रमवर आहे पण नेहमीचं किट टाळून त्याने डबे, पाएया ह्या स्पॅनिश भाताची मोठी कढई, पडदे कोंबलेलं खोकं असलं काय काय वाजवलंय, त्यामुळे ठोका कानावर आदळत नाही, आतून येतो. फ्लोटिंग ऑन अ मोमेंटमध्ये शेवटाकडे लहान मुलांचा कोरस येतो तिथे मी दरवेळी थांबते.

चला, तुमचं येऊ द्या.

⁂

सिंडी ली, डायमंड ज्युबिली. दुसरं नावच नाही माझ्याकडे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा कॅनडातला पॅट्रिक फ्लेगल, आधी विमेन नावाच्या बँडमध्ये होता. २९ मार्चला हा अल्बम यूट्यूबवर दोन तासांचा एकच सलग व्हिडिओ म्हणून आला, आणि जिओसिटीज ह्या जुन्या फुकट वेबसाइट-सेवेच्या पानांसारख्या एका पानावर फाइल्स डाउनलोडला, वाटलं तर ३० कॅनेडियन डॉलर द्या असं लिहिलेलं. स्पॉटिफायवर तेव्हा नव्हता. ३२ गाणी. मी डोंबिवलीचा, फोर्टला नोकरी, जाऊन-येऊन दोन तासांच्या वरच जातात, म्हणजे सकाळी पहिला भाग आणि संध्याकाळी दुसरा असं बरोबर बसायचं. आवाज असा की साठच्या दशकातला कुठलातरी रेडिओ लांबच्या खोलीत लागलाय आणि स्टेशन मधेच सरकतंय, आणि त्यात एकदम एक गिटार येते की दिवा-मुंब्र्याच्या गर्दीत उभं राहून माणूस हसायला लागतो.

मला त्याच्यापेक्षाही एक गोष्ट महत्त्वाची वाटली. ह्याच वर्षी स्पॉटिफायने नियम आणला की बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला पैसेच नाहीत. आणि त्याच वर्षी हा माणूस तिथे न जाता, जाहिरात न करता अल्बम ठेवून देतो आणि जगभरची माणसं शोधत शोधत तिथे पोचतात. छोट्या बँडमध्ये वाजवणाऱ्या आमच्यासारख्यांना ह्यातून किती बळ मिळालं ते सांगता येत नाही.

⁂

डायमंड ज्युबिलीला +१. संध्याकाळचा भाग जास्त भारी आहे, डोंबिवलीकर, मान्य करा.

⁂

मी छत्रपती संभाजीनगरची, त्यामुळे माझं उत्तर थोडं आपल्या मातीतून येतंय.

अरुज आफताबचा नाइट रेन, ३१ मे. लाहोरला वाढलेली, ब्रुकलिनला राहणारी गायिका, २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाला तेव्हा तिचं नाव सगळीकडे झालं. ह्या अल्बममध्ये ना गुल आणि साक़ी अशी दोन गाणी आहेत, दोन्हीचे शब्द माहलक़ा बाई चंदाचे. ही बाई १७६८ मध्ये जन्मली ती आमच्या औरंगाबादला! पुढे हैदराबादला निजामाच्या दरबारात गेली, कवयित्री, गाणारी, नाचणारी, धनुष्यबाणसुद्धा चालवायची म्हणतात, आणि तिचा उर्दू गझलांचा दिवाण तिच्या मृत्यूनंतर १८२४ मध्ये निघाला. म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी ते शब्द हार्प आणि बेसवर, न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांसोबत. साक़ीत विजय अय्यर पियानोवर आहे.

माझे वडील मराठवाड्यातल्या जुन्या पिढीचे, शाळेत उर्दू लिपी शिकलेले. त्यांना गाणं लावून दिलं. जॅझबिझ काही माहीत नाही त्यांना, पण ते शब्दांच्या मागे मागे गेले, एक ओळ दोनदा मागे घ्यायला लावली, मग वहीत उर्दूत लिहून काढली आणि मला अर्थ सांगितला. मी एवढी वर्षं त्यांच्यासोबत एकत्र बसून गाणं ऐकलं नव्हतं. आता दर रविवारी चहाबरोबर एक गाणं असतं. गावात कोणाला विचारलं तर मकबरा सांगतील, पाणचक्की सांगतील, माहलक़ाचं नाव फार थोड्यांना माहीत आहे आणि ते मला खुपतं.

⁂

ताई, काय सुंदर लिहिलंयत. वडिलांना नमस्कार सांगा.

मी लीड्समध्ये राहतो, मूळचा साताऱ्याचा. माझा अल्बम इंग्लिश टीचर ह्या इथल्याच बँडचा धिस कुड बी टेक्सस, १२ एप्रिलला आला आणि सप्टेंबरमध्ये त्याला मर्क्युरी प्राइझ, म्हणजे इथलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस, मिळालं. लंडनबाहेरच्या कोणाला ते दहा वर्षांनी मिळालं म्हणून इथे एवढा आनंद झाला की आमच्या ऑफिसात गिटारचा ग न कळणारे लोकसुद्धा बोलत होते. लिली फॉन्टेन गाते, कधी गाते कधी नुसती बोलते. ती लँकशरमधल्या कोल्न ह्या छोट्या गावातली, शेवटचं गाणं अल्बर्ट रोड हे त्या गावातल्या रस्त्याच्या नावावर आहे. अशी गावं मी पाहिलीयत, गिरण्या बंद पडलेली, हायस्ट्रीटवर निम्मी शटर खाली, आणि ज्यांनी कधी चांगलं पाहिलं नाही ती माणसं तुमच्याशी तुसडी का वागतात हे ती त्या गाण्यात राग न धरता सांगते. बाहेरून आलेला माणूस म्हणून इथे मला कधीमधी जे अनुभव आले ते ह्या गाण्यानंतर थोडे वेगळे कळले. ब्रुडनेल सोशल क्लबला कधी येणं झालं तर कळवा, लीड्सच्या बँडांचं खरं घर ते.

⁂

शेलॅक, टू ऑल ट्रेन्स.

मी पुण्यात छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ चालवतो. शेलॅकचा स्टीव्ह अल्बिनी ७ मे ला शिकागोत हार्ट अटॅकने गेला, ६१ वर्षांचा होता, आणि त्याच्या बँडचा दहा वर्षांनी येणारा अल्बम दहाच दिवसांनी, १७ मे ला, ठरल्याप्रमाणे आला. निर्वाणा, पिक्सीज, पीजे हार्वी, ह्या सगळ्यांचे अल्बम त्याने रेकॉर्ड केले, पण स्वतःला प्रोड्यूसर म्हणवून घ्यायचा नाही आणि रॉयल्टी घ्यायचा नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं, प्लंबरला कामाचे पैसे मिळतात तसे मला द्या, गाणी बँडची आहेत. मी धंदा सुरू केला तो हेच डोक्यात ठेवून, आणि आजपर्यंत कोणाच्या गाण्यात टक्का मागितला नाही.

अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो. तीन माणसं, गिटार, बेस, ड्रम. ड्रम ऐका फक्त. खोली ऐकू येते! ड्रमर टॉड ट्रेनरची काठी कातड्यावर पडते, मग भिंतीवरून परत येते, मधली हवा ऐकू येते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी मी हे लावतो आणि माइक कुठे असतील ते कागदावर काढायला सांगतो.

⁂

मी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला असते, म्हणून एमजे लेंडरमन. मॅनिंग फायरवर्क्स, ६ सप्टेंबर. अ‍ॅशव्हिलचा पोरगा, तेव्हा पंचवीस वर्षांचा, आळसावलेला आवाज, कंट्रीकडे झुकणारी गिटार, आणि गाण्यातली माणसं सगळी कुठेतरी फसलेली. वॅक्साहॅची ह्या गायिकेच्या टायगर्स ब्लड अल्बममध्येही तो साथीला गातो, राइट बॅक टू इट ऐकाच. आम्ही अ‍ॅशव्हिलला नेहमी जातो, फॉलला पानं बघायला, त्यामुळे अल्बम आला तेव्हा आपल्या शेजारच्याचं काहीतरी आलंय असंच वाटलं. आणि तीनच आठवड्यांत हेलीन चक्रीवादळ आलं. समुद्रापासून एवढं लांब, डोंगरातलं शहर, कोणाला वाटलं होतं तिथे पूर येईल. रस्ते गेले, आर्ट डिस्ट्रिक्ट पाण्यात गेलं, नळाला पिण्याचं पाणी यायला नोव्हेंबर उजाडला. आमच्या मंडळातून आम्ही पाण्याचे क्रेट आणि डायपर गाडीत भरून पाठवले, त्या संपूर्ण काळात गाडीत हाच अल्बम. मग ऑक्टोबरमध्ये मदतीसाठी कार्डिनल्स अ‍ॅट द विंडो नावाचं संकलन बँडकँप ह्या गाणी विकणाऱ्या साइटवर आलं, १३६ गाणी, कितीतरी बँडांनी आपापलं एकेक दिलेलं. मी ते घेतलं आणि अजून पूर्ण ऐकून झालेलं नाही, पण माझ्यासाठी २०२४ म्हणजे हे दोन.

⁂

द क्युअर हा बँड कोणीच घेतला नाही? साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड, १ नोव्हेंबर, सोळा वर्षांनी. आठच गाणी. पहिल्याच गाण्यात तीन मिनिटं उलटून जातात तरी गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडत नाही, नुसतं वाद्यांचं भरत जाणं, आणि मग तो आवाज, अजून तसाच. आय कॅन नेव्हर से गुडबाय हे त्याने मोठा भाऊ गेल्यावर लिहिलं. माझाही दादा गेला, कोविडमध्ये, कोल्हापूरला, आणि ही कॅसेटची सवय मला त्यानेच लावलेली. दिवाळीचा दिवस होता अल्बम आला तेव्हा. वहिनीकडे फराळ द्यायला गेलो होतो, तिथेच दादाच्या खोलीत त्याच्या जुन्या स्पीकरवर लावलं. पुतण्या येऊन बसला शेजारी. ह्याहून जास्त लिहवत नाही.

⁂

वरचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. तरी लिहिते.

गणव्या. डॉटर ऑफ अ टेंपल, नोव्हेंबरमध्ये आला. न्यूयॉर्कला जन्मली, तामिळनाडूत वाढली, घरात हरिकथेची परंपरा आणि वारकरी अभंग शिकलेली. अभंग म्हटल्यावर आपल्याला टाळ-मृदंग आणि चढत जाणारी लय डोळ्यासमोर येते, ही मात्र सगळं इतकं सावकाश घेते की एका शब्दात श्वास पूर्ण होतो. ह्यूस्टनमध्ये तीसएक कलाकार जमवून जॅझमधली हार्पवादक अ‍ॅलिस कोल्ट्रेन हिला वाहिलेला हा अल्बम केला, एस्पेरान्झा स्पॉल्डिंग आहे, शबाका हचिंग्ज आहे, आणि अ‍ॅलिसचंच जर्नी इन सच्चिदानंद त्यांनी जे केलंय ते भजनी मंडळासारखं सगळ्यांनी मिळून. माझी आजी पंढरपूरजवळची, दर एकादशीला घरात भजन असायचं, म्हणून असेल, मला हे परकं अजिबात वाटलं नाही. काही जण म्हणतात हे इंडी कुठे, जॅझ आहे, भक्तिसंगीत आहे. आमच्या आजीच्या मंडळाला तरी कुठलं मोठं लेबल होतं?

⁂

आपल्याकडचं कोणीच घेतलं नाही म्हणून दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा बीटा. २०१९ च्या बिस्मिल्लाहनंतर पाच वर्षांनी, ९ ऑगस्टला. सूर्यकांत साहनीचा जुन्या हॉटेलातल्या गायकासारखा आवाज, मागे ट्रम्पेट, आणि लग्नाच्या बँडबाजासारखं काहीतरी मधेच डोकावून जातं. मला त्यातलं सडनली हे गाणं सगळ्यात जास्त आवडलं. आणि एक सिंगल धरणार असाल तर क्रेटेक्स-श्रेयसचं तांबडी चामडी, हाउस म्हणजे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, इंडी नाही, पण स्पिनिनसारख्या डच लेबलवर मराठी गाणं गेलं आणि नगरच्या आमच्या वरातीत दुसऱ्याच महिन्यात वाजलं ह्याचा मला मनापासून अभिमान आहे.

⁂

किती भरभरून लिहिताय सगळे! दोन-तीन जणांनी माझ्या विचारपुशीत (विपूत) विचारलं म्हणून इथेच सांगते: ह्यातलं जे बँडकँपवर असेल ते शक्यतो तिथून घ्या, डिजिटलवर ते १५ टक्के ठेवतात, बाकी कार्ड-पेपालचा खर्च जाऊन कलाकाराकडे, आणि बँडकँप फ्रायडेला तर स्वतःचा वाटा सोडतात. आपल्याकडचं कार्ड कधी कधी चालत नाही, तेव्हा पेपाल करून बघा. आणि पुण्याचे स्टुडिओवाले दादा, माइक कुठे ठेवले असतील तो कागद इथे टाका ना, मलाही बघायचाय.

⁂

टाकतो उद्या. दोन माइक ओव्हरहेड, म्हणजे ड्रमच्या वर, दोन खोलीत लांब जमिनीवर, बाकी काढून दाखवतो.